सतरा वर्षांचा हॉकीपटू व्यावसायिक खेळाला तयार आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं?

मुरमाचं_मैदान
मंडळी, एका मुलाबद्दल निर्णय जवळ आलाय. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलगा सतरा वर्षांचा, अकरावी विज्ञान झाली. सेंटर हाफला, म्हणजे मैदानाच्या मधल्या जागेला खेळतो, पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिकही (चेंडू स्टिकनं ओढत गोलकडे फेकणं) मारतो. यंदा ज्युनिअरच्या राज्य संघात होता. तिथला खेळ बघून दुसऱ्या राज्यातल्या एका खाजगी अकादमीनं बोलावलंय. जूनपासून तिकडेच राहायचं, सिनिअर स्पर्धांत उतरवू, दोन वर्षांत हॉकी इंडिया लीगच्या लिलावात नाव देऊ, असं त्यांचं म्हणणं. राहणं-जेवण त्यांचं, वर महिन्याला थोडे पैसे. बदल्यात चार वर्षांचा करार. शाळेचं काय, तर 'नावापुरती ठेवा'.

वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. 'सर, तुमी म्हणसान तसं करू' असं सांगून त्यांनी सगळं माझ्यावर टाकलंय.

माझा कल अजून एक वर्ष थांबण्याकडे आहे. पण तो कल खेळ बघून आलाय की काळजीपोटी, हे मला तपासून घ्यायचंय. जे दिसतं ते सांगतो. चेंडू येण्याआधी तो मान वळवून दोन्ही बाजू बघून घेतो, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे मुरमाचं मैदान, चेंडू उसळतो, त्यामुळे चेंडू ट्रॅप करताना, म्हणजे स्टिकनं अडवताना, तो थोडा उभाच राहतो. टर्फवर (कृत्रिम गवतावर) पहिले दोन सामने त्याला चेंडू उशिरा सापडत होता, तिसऱ्यात जमलं. शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये मात्र त्याची मान खाली जाते. पळतो तेवढाच, पण बघणं बंद होतं. ज्यांनी मुलांना या टप्प्यातून नेलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

तिवसा_एक्स्प्रेस
सर, जाऊ द्या त्याले. आपल्या इकडं पोट्टं खेळात पुढं निघालं की सगळे मिळून 'आधी बारावी कर' म्हणते. बारावी झाली की 'आता पोलीस भरती पाहाय'. खेळ तिथंच राह्यते. हरियाणाची राणी रामपाल पंधराव्या वर्षी भारताकडून २०१०चा विश्वचषक खेळली. बाप गाडा ओढे तिचा. तिनं वाट पाह्यली असती त काय झालं असतं? थांबनं हे पैसेवाल्याच्या लेकराले परवडते. साडेतीन एकरवाल्याले एक वर्ष म्हणजे एक हंगाम, अन् हंगाम परत येत नाई. कोणी बोलावून राह्यलं हीच मोठी गोष्ट हाय.

अजनी_जंक्शन
सर, मी रेल्वेकडून खेळलो, आता नागपुरात मुलांना शिकवतो. जरा मोठं लिहितो.

तुम्ही जे मान वळवण्याबद्दल लिहिलंत, तीच पहिली गोष्ट मी बघतो. गोल किती मारले ते नंतर. ज्युनिअरमध्ये ज्याचं शरीर लवकर भरलं तो सगळ्यांना मागे टाकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की पोरगा तयार झाला. सिनिअरमध्ये समोरचाही तेवढाच भक्कम असतो. मग उरतं काय, तर चेंडू हातात यायच्या आत ठरवलेलं असणं. तुमच्या मुलाकडे ते आहे. पण चौथ्या क्वार्टरला ते जातं असं तुम्हीच म्हणता. माझ्या लेखी 'अजून थोडं बाकी आहे' याचं इतकं नेमकं लक्षण दुसरं नाही. पाय थकले तर बदली खेळाडू आहे, हॉकीत हव्या तितक्या वेळा आत-बाहेर करता येतं. दमल्यावर नजर थांबली तर तो मैदानात असूनही संघ दहाचाच. हे एका वर्षात सुधारतं, पण त्यासाठी त्याला मोठ्यांमध्ये खेळायला हवं. शाळकरी सामने अजून पन्नास खेळला तरी सुधारणार नाही, कारण तिथं कोणी त्याला तेवढं दमवतच नाही.

दुसरं टर्फ. मुरमावरची मुलं स्टिक उंच धरतात, कंबर उंच ठेवतात, त्यात त्यांचा दोष नाही, नाहीतर चेंडू तोंडावर येईल. टर्फवर खाली बसून खेळावं लागतं. दोन सामन्यांत त्याला उशीर झाला आणि तिसऱ्यात जमलं, ही फार चांगली खूण आहे. आज किती येतं याच्यापेक्षा नवीन गोष्ट किती लवकर अंगवळणी पडते, ते बघा.

तिसरं, चूक झाल्यावर पुढची पाच मिनिटं तो काय करतो? पास चुकला, गोल बसला. त्यानंतर चेंडू मागायला पुढे येतो, की कोपऱ्यात लपतो? यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत, लिहा. सेंटर हाफ लपला तर संघाचा मधला भागच मोकळा होतो.

गोलकीपर असता तर मी विचारही न करता थांब म्हटलं असतं. ती जागा उशिरा पिकते. भारताचा श्रीजेश ३६व्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकचं पदक घेऊन थांबला. मधल्या जागेला मात्र लवकर मोठ्यांत उतरलेले बरेच आहेत. विवेक सागर प्रसादचं बघा, इटारसीजवळच्या शिवनगर चांदोन गावचा. ध्यानचंदांचे चिरंजीव अशोक कुमारांनी त्याला हेरलं ते आपल्या अकोल्यातल्या एका स्पर्धेत, बारा वर्षांचा असताना. भोपाळच्या अकादमीत गेला, जानेवारी २०१८ मध्ये सतराव्या वर्षी भारताच्या सिनिअर संघात आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं आणि त्यानंतर २०२१च्या शेवटी भुवनेश्वरच्या ज्युनिअर विश्वचषकात तोच कप्तान होता. मनदीप सिंगचंही तसंच. २०१३ला लीगमध्ये रांचीकडून खेळून नाव कमावलं, आणि २०१६ला लखनौचा ज्युनिअर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही तो होता. म्हणजे मोठ्यांत खेळणं आणि ज्युनिअर सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकादमी ते एकच असल्यासारखं मांडते आहे, आणि मला तिथं खटकतं.

तिवसावाल्या भाऊंना एक सांगतो. राणी रामपाल लवकर खेळली हे खरं, पण शाहाबादची मुलगी शाहाबादलाच बलदेव सिंगांकडे शिकली. प्रशिक्षक तिच्या गावातच होता. आपल्या पोराला घर, शाळा, राज्य सगळं एका दमात सोडायला सांगतायत.

संत्रापट्टा
वरुडहून. वकिली करतो, हॉकीतलं कळत नाही, कागदाचं सांगतो. मुलगा १८चा झालेला नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ प्रमाणे अज्ञानाला, म्हणजे १८ वर्षांखालच्याला, करार करता येत नाही. त्याच्या एकट्याच्या सहीला अर्थ नाही. म्हणून ते वडिलांची सही मागतील, आणि पैशाची जबाबदारी वडिलांवर येईल. मसुद्यात हे बघा: मध्येच सोडलं तर किती भरायचं लिहिलंय? जखमी झाला तर दवाखाना कोणाचा, आणि बरा होईपर्यंत ठेवणार की घरी पाठवणार? लीगमध्ये पैसे मिळाले तर त्यात अकादमीचा वाटा किती, आणि किती वर्षं? सामन्यात न उतरवताही चार वर्षं अडकवून ठेवता येईल का?

कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर, मूळ गुणपत्रिका, मूळ क्रीडा प्रमाणपत्रं, यातलं काहीही कोणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या. मसुदा मला पाठवलात तर वाचून देईन, फी नाही.

पूर्णाकाठ
सर, माझी मुलगी होस्टेलला राहून खेळते म्हणून लिहिते. तुम्ही सगळं लिहिलंत, पण मुलगा काय म्हणतो ते लिहिलं नाहीत.

आणि होस्टेल बघितल्याशिवाय पाठवू नका. किती मुलं एका खोलीत, रात्री आजारी पडलं तर कोण उठतं, डाळ-भाताशिवाय ताटात काय असतं, तिथल्या मुलांची भाषा कोणती, आधीची मुलं आज कुठे आहेत. शेवटचा प्रश्न नक्की विचारा. चार वर्षांपूर्वी घेतलेल्यांतली किती अजून खेळतात, आणि जी गेली ती का गेली? त्यांच्यातल्या एखाद्याच्या आईशी फोनवर बोला. प्रशिक्षकापेक्षा ती खरं सांगेल.

साताऱ्याकडच्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे, दोघी फलटण तालुक्यातल्या खेड्यांतल्या, पुण्याच्या सरकारी निवासी क्रीडा प्रबोधिनीतून भारताच्या संघात गेल्या. शाळा चालू ठेवून. तो रस्ता बंद झाला आहे का, तेही एकदा जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा.

फिजिओ_अमरावती
शरीराचं बोलतो, कारण या वयात चूक झाली तर ती कायमची होते.

ड्रॅग फ्लिक मारतो म्हणालात. वाकून, कंबर पिळून, सगळा जोर एका बाजूनं. वाढीच्या वयात याचा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो आणि तिथं बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. मुलं याला 'कंबर धरली' म्हणतात आणि बाम लावून खेळतात. त्याला एका पायावर उभं करून मागे वाका म्हणा. एका बाजूला कमरेत टोचल्यासारखं दुखलं, तर फ्लिक लगेच बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे. दुखलं नाही तरी आठवड्यात किती फ्लिक मारतो ते वहीत लिहा. अकादमीत गेला की हा आकडा एकदम दुप्पट-तिप्पट होतो, आणि दुखापत त्या उडीतूनच होते. हळूहळू वाढवलेला भार शरीर पेलतं.

उंची दर तीन महिन्यांनी मोजा. अजून भराभर वाढत असेल तर तो उशिरा वयात येणारा मुलगा आहे. मग आत्ता ताकदीत कमी दिसला तरी घाबरायचं कारण नाही, उलट पुढे अजून मिळणार आहे. अशांना घाईनं मोठ्यांशी धडकवू नये.

आणि आपल्या विदर्भासाठी महत्त्वाचं, जे बाहेरची अकादमी विचारणार नाही: सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी. आपल्याकडे त्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून तर २०२३ पासून देशभर निर्मूलन अभियान चालू आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आधी सोल्युबिलिटी ही साधी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. नुसता वाहक निघाला तर खेळ थांबत नाही. वाहक असलेले खेळाडू मोठ्या पातळीवर खेळतात. पण नव्या शिबिराच्या पहिल्या आठवड्यात, उन्हात, सलग धावण्याच्या चाचणीत अशा मुलाला घातक त्रास होऊ शकतो. त्याला पाणी, मध्ये थांबणं आणि हळूहळू सराव वाढवणं हे मिळायलाच हवं, आणि प्रशिक्षकाला आधी माहीत हवं. सोबत हिमोग्लोबिनही बघा. चौथ्या क्वार्टरला मान खाली जाते म्हणालात ना, रक्त कमी असेल तर तेही कारण असू शकतं. सरावाला दोष देण्याआधी ही एक सुई टोचून घ्या.

वर्धेकर_कॅलगरी
नमस्कार, मूळ वर्ध्याचा, बरीच वर्षं कॅनडात. इकडची हॉकी बर्फावरची, पण हाच प्रश्न इथं दर हिवाळ्यात घराघरांत असतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथं मुलगा अठराव्या वर्षी एनएचएल या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवी मुलं निवडतात तो कार्यक्रम) निवडला जातो, पण निवड झाली म्हणजे लगेच खेळला असं नाही. बहुतेक जण परत आपल्या ज्युनिअर संघात जातात. १८-१९ वर्षांच्या मुलाशी करार केला असेल तर क्लब त्याला नऊ सामन्यांपर्यंत मोठ्या संघात खेळवून बघू शकतो. दहा सामने झाले की कराराचं पहिलं वर्ष मोजलं जातं. त्याआधी ज्युनिअरला परत पाठवलं तर करार एक वर्ष पुढे सरकतो. त्यामुळे नवव्या सामन्यानंतर क्लब, प्रशिक्षक, घरचे सगळे बसून बोलतात: याला इथं रोज बर्फावर वेळ मिळणार आहे का, की बाकावर बसवणार? बाकावर बसणार असेल तर परत पाठवणं चांगलं, कारण तिकडे तो प्रत्येक सामन्यात पंचवीस मिनिटं खेळेल. परत गेलेल्याला इथं कोणी नापास समजत नाही.

आपल्याकडे असा नियम नाही. पण घरच्यांनी आपल्यापुरता तो करून घ्यायला कोणाची हरकत आहे? 'आधी महिनाभर येतो, खेळतो, परत जातो, मग बोलू.' अकादमीला मुलगा खरंच हवा असेल तर ते मान्य करतील.

तिवसा_एक्स्प्रेस
सगळं वाचलं. पटलं बी, पण एक गोष्ट कोणी बोलून नाई राह्यलं. महिन्याला जे थोडे पैसे देतो म्हणते, ते त्या घरात किती मोठे हाय? कपाशीचा भाव पडला की पोराचं खेळनं घरात डोळ्यावर येते. तेव्हा कोणताच सर येऊन सांगत नाई की थांब म्हणून. अन् लीगमध्ये पैसा हाय की नाई? २०२४च्या लिलावात भारताच्या कप्तानाले, हरमनप्रीतले, ७८ लाख भेटले.

अजनी_जंक्शन
भाऊ, तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो पैशानंच तपासू. ७८ लाख कप्तानाचे, भारतातल्या सगळ्यात महाग खेळाडूचे. त्याच लिलावात सगळ्यात खालची मूळ किंमत २ लाख होती. तेव्हा पुरुषांचे संघ आठ होते, प्रत्येकात २४ खेळाडू, त्यात ज्युनिअर किमान चार. म्हणजे सक्तीच्या जागा देशभरात मिळून ३२. पंजाब, ओडिशा, झारखंड, मध्य प्रदेश सगळे त्यातच. आणि ती स्पर्धा २८ डिसेंबर २०२४ ला सुरू होऊन १ फेब्रुवारी २०२५ ला संपली. पाच आठवडे. बाकीचं वर्ष काय खायचं? 'लिलावात नाव देऊ' म्हणजे नाव देणं. कोणी बोली लावेल असं त्यात कुठं म्हटलंय?

भारतात हॉकीपटूचं घर चालतं ते नोकरीवर. रेल्वे, सेनादलं, पेट्रोलियम कंपन्या, बँका. लीग त्याच्यावरचं. रेल्वेच्या खेळाडू भरतीत अगदी खालचं पद सोडलं तर त्याच्या वरच्या पदांना वय १८ ते २५ आणि शिक्षण किमान बारावी लागतं, किंवा दहावी-आयटीआय. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथंही पदाप्रमाणे शिक्षण विचारतात आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. म्हणून बारावीबद्दल मी हट्टी आहे. अभ्यासाच्या प्रेमापोटी नाही, हॉकीसाठीच म्हणतोय. बारावी नसलेला बावीस वर्षांचा चांगला सेंटर हाफ मी बघितलाय, चाचणीत सगळ्यांत उजवा होता आणि अर्जच भरता आला नाही.

आणि घरात पैसा यायला हवा हे तुमचं म्हणणं बरोबर, तर केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली की महिन्याला १० हजार हातखर्च मिळतो. त्या निवडीसाठी राज्य संघात राहणं कामाचं आहे. ज्युनिअरचं शेवटचं वर्ष सोडून गेला तर तेच हातचं जाईल.

मुरमाचं_मैदान
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण कामं करत होतो.

ताई, मुलाला विचारलं होतं, इथं लिहायचं राहिलं. आता पुन्हा, वडिलांना बाजूला बसवून विचारलं. तो म्हणाला, 'मले त्याइच्या सोबत खेळून पाहाचं हाय. राहाचं का नाई ते खेळल्यावर सांगतो.' वर्धेकर साहेबांनी जे लिहिलं तेच पोरानं न वाचता सांगितलं.

अजनीवाले सर, चुकीनंतरचं विचारलंत. राज्य स्पर्धेतला एक सामना आठवून बघितला. त्याच्या पासवरून गोल बसला. पुढच्या पाच मिनिटांत त्यानं तीनदा चेंडू मागितला, पण तिन्ही वेळा सोपा मागचा पास दिला. लपला नाही, पण धाकात होता. दिवाळीनंतर पुन्हा बघेन.

रक्ततपासणी झाली. सिकलसेल निगेटिव्ह. हिमोग्लोबिन मात्र ११च्या आसपास, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, जंताची गोळीही. म्हणजे चौथ्या क्वार्टरचं निदान आत्ताच करणं बरोबर नाही, दोन-तीन महिन्यांनी परत तपासून मग. एका पायावरच्या चाचणीत कंबर दुखली नाही. फ्लिकची वही सुरू केली.

अकादमीशी बोललो. स्पष्ट सांगितलं: आत्ता सही नाही, मे महिन्यात तीन आठवडे शिबिराला पाठवतो, जाण्यायेण्याचा खर्च आमचा, बारावी इथंच. त्यांनी शिबिराला हो म्हटलं. जागा राखून ठेवता येणार नाही असंही सांगितलं. वडील ते ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, 'तीन हप्त्यात त्याइले पोरगं आवडलं त जागा होईन, नाई आवडलं त सही करून बी काय फायदा?' मला याच्यापुढे काही समजावायची गरजच राहिली नाही. मसुदा त्यांच्याकडून मागवलाय, वरुडला पाठवतो.

माझं मत आता असं: मोठ्यांसोबत खेळायला तो तयार आहे, त्यांच्यात बारा महिने राहायला अजून नाही. शिबिराहून आल्यावर फेब्रुवारीच्या परीक्षेपर्यंत मोठ्यांसोबत नियमित सामने कसे मिळवून द्यायचे, एवढाच प्रश्न उरलाय. दारव्ह्यात ते शक्य नाही.

तिवसा_एक्स्प्रेस
बाप समजदार हाय. तीन हप्ते जाऊन येऊ द्या. जाण्यायेण्याच्या खर्चात माह्याकडून तिकिटाचे पैसे घ्या सर, नाई म्हणू नका. टर्फचे बूट हाय का त्याच्याकडे? नंबर सांगा.

फिजिओ_अमरावती
११ हिमोग्लोबिनवर शिबिर म्हणजे पहिला आठवडा सांभाळा. प्रशिक्षकांना रिपोर्टचा फोटो आधीच पाठवा आणि गोळ्या सोबत द्या. तिथं धावण्याची चाचणी पहिल्याच दिवशी घेतात, त्या आकड्यावरून पोराला मोजू नका म्हणावं.

अजनी_जंक्शन
जूनपासून दर रविवारी सकाळी नागपुरात आमच्या जुन्या खेळाडूंचा सराव सामना असतो. पंचवीस ते चाळीस वयाची माणसं, अर्धे नोकरीवाले संघातले. त्याला सेंटर हाफलाच खेळवीन, चारही क्वार्टर. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यवतमाळहून निघाला तर मुक्काम माझ्याकडे. परीक्षेआधी डिसेंबरात बंद करू. वडिलांचा फोन मला खाजगी निरोपात द्या, मी स्वतः बोलतो.

मुरमाचं_मैदान
दिला आहे. बुटाचा नंबर आठ.